रुग्णेच्या सांगण्यानुसार

"तुमचा त्यात काही दोष नव्हता," डॉक्टर शिरीन म्हणाली, आणि म्हणताना ती मेरेटेकडे बघतही नव्हती. ती संगणकावर नवं वजन टिपत होती. बस पाच मिनिटं उशिरा आली असं सांगावं तशा आवाजात ती हे बोलली आणि त्याच दमात पुढे, रक्तदाब उत्तम आहे, गोळी अर्धी करू, असंही बोलली. मेरेटे वजनकाट्यावरून उतरून मोजे चढवत होती. एक घालून झाला होता, दुसरा हातात होता. आपण आता हसायला हवं, निदान मान तरी डोलवायला हवी, असं तिला वाटलं. चोपन्न वर्षांच्या बाईला कुणीतरी निर्दोष सोडलं होतं. पण पोटातून, बेंबीच्या जरा वर जिथे ती दर बुधवारी सुई टोचून घेई त्याच जागेवरून, काहीतरी गरम वर चढत आलं आणि घशाशी येऊन थांबलं. आधी तिला ती मळमळ वाटली. औषधाने मळमळ व्हायची. पहिले तीन महिने तर करपट ढेकरांनी तिला स्वतःच्याच तोंडाची किळस आली होती. पण ही मळमळ नव्हती. मळमळ ओकून टाकता येते. हे कुठे ओकायचं ते तिला कळेना.

"मला माझे जुने कागद हवे आहेत," ती म्हणाली. हातातला मोजा तसाच होता.

"कुठले?"

"डॉक्टर थेस्ट्रुपांकडचे. त्यांचा दवाखाना बंद झाला तेव्हा सगळं तुमच्याकडे आलं ना?"

"आलंय. तुमचा हक्कच आहे तो, छापून देते. पण कशाला? काही दुखतंय का?"

कशाला, ते मेरेटेला माहीत नव्हतं. दहा महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीत बसून शिरीनने तिला औषध समजावून सांगितलं होतं. आपण जेवलो की आतड्यातून एक निरोप मेंदूकडे जातो, की आता पुरे. हा निरोप प्रत्येकाच्या शरीरात असतो, पण दोन-चार मिनिटांत विरून जातो. काहींचा मेंदू तेवढ्यात ऐकतो. काहींचा ऐकत नाही, त्यांना सतत उपाशी असल्यासारखंच वाटत राहतं, आणि अशा माणसाने वजन उतरवलं तर शरीर घाबरून भूक आणखी वाढवतं. सुईतलं औषध म्हणजे त्या निरोपाची नक्कल, फक्त ती विरत नाही, आठवडाभर टिकते. म्हणून आठवड्याला एकच सुई. पोटही सावकाश रिकामं होतं. लहान डोसने सुरू करायचं आणि महिन्या-महिन्याने वाढवत पाचव्या पायरीवर पोचायचं. मेरेटेने तेव्हा हे सगळं शाळेतल्या मुलीसारखं ऐकून घेतलं होतं. काही मापांची स्वेटरं अंगात येतात, काही येत नाहीत, तसंच काहीसं तिला ते वाटलं. त्यात दोषाचा विषय आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोष आपला हे तिने इतकं मुळापासून धरलं होतं, की कुणी ते मूळ उपटलं तर तिथे केवढा खड्डा पडेल याचा तिला अंदाज नव्हता.

कागद जाडजूड निघाले. पाकिटात मावेनात, म्हणून स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांना रबर लावून दिलं. मेरेटे ते छातीशी धरून बाहेर आली. मार्चमधलं कोरडं, लखलखीत ऊन होतं आणि बंदराकडून वारा येत होता. आज तिची सुट्टी होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती एकवीस वर्षं आचारीण होती, साठ म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण तिच्या हातचं. समोरच्या रस्त्यावर कारखान्याच्या नव्या बांधकामाकडे जाणाऱ्या गाड्यांची नेहमीची रांग लागली होती. मातीचे ट्रक, तारांची भेंडोळी, परदेशी कामगारांनी भरलेल्या व्हॅन. गावाच्या पलीकडे कारखान्याच्या टाक्यांवरून पांढरी वाफ सरळ वर चढत होती. औषध तिथेच बनायचं, तिच्या घरापासून सायकलने बारा मिनिटांवर. तिथून ते सगळ्या जगात जायचं आणि गावातल्या औषधाच्या दुकानातही यायचं, आणि दुकानात नंबर घेऊन उभं राहिलं की त्याचा भाव बाकी सगळ्यांना पडतो तोच. सुरुवातीच्या डोसला महिन्याचे तेराशे क्रोनर, वरच्या पायरीवर तेवीसशेच्या पुढे. मधुमेह असता तर सरकारने बराचसा भार उचलला असता. नुसत्या वजनाला कुणी काही देत नाही. नुसतं वजन हा अजूनही ज्याचा त्याचा प्रश्न. तिने गाडीचा विमा कमी केला होता आणि रविवारच्या जास्तीच्या पाळ्या घेतल्या होत्या. किती दिवस घ्यावं लागेल, असं तिने विचारलं तेव्हा शिरीन खोटं बोलली नव्हती. थांबवलं की भूक परत येते, भुकेबरोबर वजनही, असं तिने सरळ सांगितलं होतं. म्हणजे जन्मभर. ज्या शांततेत इतर लोक फुकट राहत होते तिचं भाडं मेरेटेने जन्मभर भरायचं.

कारण ती शांतताच होती. गाडीत बसून, कागद मांडीवर ठेवून, तिला तो दिवस आठवला. चौथी सुई झाली होती. ती मोठ्या तव्यावर फ्रिकाडेलर तळत होती, डुकराच्या मांसाचे गोळे, लोण्यात, दोनशे चाळीस नग. त्या वासाबरोबर डोक्यात जे सुरू व्हायचं ते तिला इतकं सवयीचं होतं की त्याला वेगळं नाव नव्हतं. एक घे. आता नाही. कडेचा, तुटलेला. तुटलेला मोजायचा नसतो. सकाळी काय खाल्लंस? दोन काप. मग नको. मग अर्धा. अर्धा घेतला तर जेवताना एक कमी. नाहीतर घरी गेल्यावर. घरी काय आहे? हे सगळं सकाळी डोळे उघडल्यापासून, कुणाशी बोलताना, कुणाच्या मयताला उभं असताना, अगदी बाळंतपणाच्या कळांमध्येसुद्धा, खालच्या आवाजात न थांबता चालू असायचं. शेजाऱ्याचा रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसं. त्या दिवशी ती गोळे उलटत होती आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की रेडिओ बंद आहे. गोळे होते. वास चांगला होता. आणि बस, एवढंच. हातातलं उलथणं तसंच धरून ती उभी राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही असेल. पण त्याच्या आधी एक विचार आला आणि तो सुरीसारखा होता. म्हणजे बाकीचे लोक असे जगत होते? हे सगळे, ताटात अर्धं टाकून उठणारे, केकचा एक घास घेऊन बशी सरकवणारे, तिला मनोनिग्रह शिकवणारे, यांच्या डोक्यात पहिल्यापासून असं सामसूम होतं? आणि त्या सामसुमीला ते स्वतःचा गुण समजत होते?

पहिला कागद सन त्र्याण्णवचा. ती तेवीस वर्षांची होती. "थकवा. वजन ९१. रुग्णेच्या सांगण्यानुसार आहार मोजका. विश्वसनीय वाटत नाही." तिने तो परत वाचला. अक्षर संगणकाचं होतं, पण तिला त्यातून थेस्ट्रुपांचा आवाज ऐकू आला, बारीक, सौम्य, जरा नाकातला. ते कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. खुर्ची पुढे सरकवायचे, तिच्या मुलीची चौकशी करायचे, नाताळात हातात हात घ्यायचे. तिला ते आवडायचे. शहाण्णव साल, टिल्डे झाल्यानंतर: "बाळंतपणाचं वजन उतरलेलं नाही. दिवसाला बाराशे उष्मांक घेते असा दावा. अशक्य." दोन हजार तीन: "गुडघेदुखी. तपासणी नाही. वजन कमी करावे. स्वयंपाकघरात काम करते, त्यामुळे मोह." त्या साली ती वर्षभर संध्याकाळी फक्त कोबीचं सूप आणि राय धान्याच्या काळ्या पावाचा एक काप खात होती, प्रत्येक घास वहीत मांडायची, आणि ती वही तिने त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी पानं चाळली होती, छान, छान म्हणाले होते. कागदावर होतं: "आहाराची वही आणली. फार नेटकी. मागाहून भरलेली असावी."

मग दोन हजार दहा आलं आणि तिला गाडीची काच खाली करावी लागली. उजव्या बरगडीखालची कळ. जेवण झालं की यायची, पाठीत जायची. एकदा तर ती भांडी धुण्याच्या खोलीत फरशीवर बसून राहिली होती. चौदा महिन्यांत ती सात वेळा त्यांच्याकडे गेली. सातही वेळा तेच लिहिलं होतं, थोड्याफार फरकाने. "पोटदुखी, अतिखाण्यामुळे. रुग्ण मान्य करत नाही." आठव्या वेळी ती गेलीच नाही, लाज वाटली म्हणून. एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातूनच तिला गाडीत घालून नेलं, पित्ताशय सडत आलं होतं, आतले खडे शल्यवैद्याने बरणीत घालून दाखवले. तो म्हणाला होता, इतके दिवस अंगावर का काढलंत? आणि ती, भूल उतरत असताना, त्या परक्या माणसाची माफी मागत होती. हे आठवलं आणि बाकी सगळ्यापेक्षा याचाच तिला जास्त संताप आला. तिने माफी मागितली होती.

कारच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. गालांची हाडं वर आली होती, गळ्याची कातडी सैल पडली होती. या चेहऱ्याशी लोक चांगलं वागत. औषधाच्या दुकानातली बाई आता तिच्याशी हवामानावर बोलायची. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेने एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं होतं की जेवणाच्या यादीबद्दल तुझं काय मत आहे. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहत नव्हती. सगळ्यांना वाटायचं की याने ती सुखावते. तिला त्या प्रत्येकाची कॉलर धरून विचारावंसं वाटे, की मी कालही होते, काल कुठे होतात?

तिने गाडी सुरू केली आणि घराकडे न वळता पश्चिमेच्या रस्त्याला लागली. थेस्ट्रुप निवृत्त झाल्यापासून र्‍योसनेसला राहत होते, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या त्या लांब जिभेवर. तिथे त्यांनी उतारावर द्राक्षाचे वेल लावले होते. गावात सगळ्यांना ते माहीत होतं, दर वर्षी त्यांच्या वाइनची एक बाटली चर्चच्या सोडतीला यायची आणि जिंकणाऱ्याला ती संपवणं जड जायचं.

ते वेल छाटत होते. त्र्याहत्तर वर्षांचे, अजून काटक, गुडघ्यावर चामड्याचे तुकडे बांधलेले. मेरेटे फाटकातून आत आली तेव्हा ते अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसे हसले. मग कात्री खाली आली.

"मेरेटे? अगं, ओळखलंच नाही. अर्धी राहिलीस की. किती छान दिसतेस."

"अर्धी नाही. पाचवा हिस्सा गेलाय."

"सुई ना? इथे हल्ली सगळेच घेतात. शेजारचा म्हातारा घेतो, त्याची बायको घेते. कुत्राच तेवढा राहिलाय." त्यांनी हातमोजे काढले. "ये, कॉफी करतो."

स्वयंपाकघर उन्हाने भरलं होतं. त्यांनी कॉफी ओतली, बशीत दालचिनीचा केक कापून ठेवला आणि सवयीने बशी तिच्यापासून थोडी लांब, स्वतःच्या बाजूला ठेवली. त्यांना ते कळलंही नाही. मेरेटेला कळलं. तिने रबर काढलं आणि वाचायला सुरुवात केली. तिने ओरडायचं ठरवलं होतं, वाटेत गाडीत ती मोठ्याने ओरडूनही बघत होती, पण आवाज निघाला तो म्हाताऱ्यांना जेवणाची यादी वाचून दाखवताना निघतो तसा, सपाट आणि स्वच्छ. त्र्याण्णव. शहाण्णव. दोन हजार तीन. वही. सात वेळची पोटदुखी, सातही वेळा, तारखांसकट. मध्येच थेस्ट्रुपांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

"हे मी लिहिलंय?"

"खाली तुमचं नाव आहे."

"मेरेटे, त्या काळी आम्हाला एवढंच माहीत होतं. जेवढं आत जातं त्यातून खर्च होतं ते वजा. पुस्तकात हेच होतं. ही आतड्यांची, मेंदूची भानगड कुणाला ठाऊक होती?"

"मग कारण माहीत नाही, असं लिहायचं. तुम्ही लिहिलंत, ही खोटं बोलते. ते कुठल्या पुस्तकात होतं?"

बाहेर एका वेलाची सुटलेली फांदी तारेवर आपटत होती.

"ते पुस्तकात नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "ते माझं होतं."

तिला वाटलं होतं की हे ऐकलं की काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. उलट त्यांनी भांडायला हवं होतं असं तिला वाटलं. भांडणाऱ्या माणसावर चालून जाता येतं.

"पित्ताशयाचं मला तिकडच्या इस्पितळाचं पत्र आलं तेव्हा कळलं," ते म्हणाले. "तुला फोन करणार होतो."

"केला नाहीत."

"नाही केला. लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही फोन केला नाहीत आणि मला लाज वाटली म्हणून मी मरायला टेकले. दोन्ही लाजा सारख्या नाहीत, डॉक्टर."

"नाहीत," ते म्हणाले. "काय करू सांग. जुनी नोंद कायद्याने खोडता येत नाही. आणि मी आता डॉक्टरही नाही."

"खोडू नका. तुमच्या हाताने एक ओळ लिहा. मी खरं सांगत होते, एवढंच. शिरीन ती कागदांना जोडेल. माझ्या नंतर जो कुणी हे वाचेल त्याने शेवटी ती वाचावी."

त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. पेन शोधलं. मेरेटे त्यांच्या हाताकडे बघत होती, ठिपके पडलेल्या, मातीने नखं भरलेल्या हाताकडे, आणि आता कुठे तिचा आवाज चढायला लागला. दिलेलं कमी पडतंय हे जाणवलं की माणूस आणखी मागतो, तसं तिचं झालं.

"आणि माझी मुलगी," ती म्हणाली. "तुम्ही तिच्यादेखत मला वजनावरून बोलायचात. ती बाजूच्या खुर्चीत बसून ऐकायची. आज ती अठ्ठावीसची आहे, आर्हूसच्या बंदरात क्रेन चालवते, आणि माझ्या टेबलावर एक घास खात नाही. नाताळला येते, म्हणते वाटेत खाल्लंय. स्वतःचा डबा आणते आणि गाडीत बसून खाते. मी खिडकीतून बघते. तेही तुमचंच देणं."

थेस्ट्रुपांनी पेन खाली ठेवलं.

"टिल्डेचं माझ्या नावावर घालू नकोस," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच सौम्य होता. "बाकी सगळं घाल. ते नको."

"का?"

"तू तिला घेऊन आली होतीस. अकरा वर्षांची असेल. हाताला धरून. तिला काही झालेलं नव्हतं. मी म्हणालो, वाढतं मूल आहे, आधी रुंद होतं, मग उंच होतं, सोड तिला. तू म्हणालीस, ही चोरून खाते. ती म्हणाली, नाही खात. आणि तू..." ते थांबले. "तुला आठवत नाही?"

"मी काय?"

"तू मला म्हणालीस, डॉक्टर, हिच्या बोलण्यावर जाऊ नका."

परतीच्या रस्त्यावर एका बाजूला समुद्र होता आणि दुसऱ्या बाजूला नांगरलेली शेतं, आणि मेरेटेने कुठे वळण घेतलं, कुठे वेग कमी केला, ते तिला नंतर सांगता आलं नसतं. शेजारच्या जागेवर थेस्ट्रुपांच्या अक्षरातला कागद होता. "मेरेटे स्कोव्हबो खरं सांगत होती. मी ऐकलं नाही." सही, तारीख. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते एका कागदाएवढंच होतं. तिला तो दवाखाना आठवत नव्हता. ती शपथेवर सांगायला तयार होती की असं काही झालं नाही. पण दवाखान्याऐवजी दुसरं आठवत होतं, न बोलावता, एकामागून एक. शनिवारी सकाळी न्हाणीघरातला काटा. चड्डी-बनियनवर उभी असलेली मुलगी, थंडीने अंगावर काटा आलेली, पोट आत ओढून धरलेली, जसं काही त्याने आकडा खाली येणार होता. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता. चांगल्या आठवड्यासाठी सोनेरी चांदणी, मेरेटेने स्वतः दुकानातून आणलेली. वाढदिवसाच्या केकचा एक तुकडा कमी झाला होता तो दिवस. टिल्डे जिन्यावर उभी राहून म्हणत होती, आई, मी नाही, खरंच मी नाही, आणि मेरेटेने तिचं तोंड हुंगलं होतं. हुंगलं होतं. चॉकलेटचा वास येतो का ते बघायला. वास आला नव्हता. तरीही ती म्हणाली होती, चूळ भरून आलीस. आणि हे सगळं करताना तिला कधी आपण क्रूर आहोत असं वाटलं नव्हतं. वाटत होतं की आपण मुलीला वाचवतोय, आपल्या वाट्याला जे आलं त्यातून, त्या नजरांतून, त्या खुर्चीतून. तिच्या स्वतःच्या डोक्यात तो रेडिओ तेव्हाही चालू होता आणि तो मुलीच्याही डोक्यात असेल याची तिला भीती होती, आणि तिला एकच उपाय ठाऊक होता, जो तिच्यावर झाला होता तोच. राग तर अजून तसाच होता, तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त सकाळपासून तो ज्या दारांवर धडका मारत होता त्यातलं शेवटचं दार तिच्या घराचं निघालं.

तिने रस्त्याच्या कडेला, शेतात शिरायच्या कच्च्या वाटेवर गाडी थांबवली आणि टिल्डेला फोन लावला. कामाच्या वेळी ती उचलत नसे. आज उचलला.

"आई? काय झालं? कुणी गेलं का?"

"नाही. कुणी नाही. तू वर आहेस का, क्रेनमध्ये?"

"जेवणाची सुट्टी आहे. खाली आहे. बोल लवकर."

मेरेटेने वाक्य जुळवलं नव्हतं. "तो केक," ती म्हणाली. "तुझा बारावा वाढदिवस. तू म्हणालीस मी नाही खाल्ला. तू खरं सांगत होतीस."

फोनमध्ये बंदराचा आवाज येत होता, साखळ्यांचा, मागे जाणाऱ्या ट्रकच्या भोंग्याचा.

"हे तुला आज का सुचलं?" टिल्डे म्हणाली. "बारीक झालीस म्हणून?"

"नाही. म्हणजे, औषधामुळे मला कळलं की भूक म्हणजे... शिरीन म्हणते की मेंदूला निरोपच..."

"आई, मला औषध समजावून सांगू नकोस. मला माहितेय ते कसं चालतं. अख्ख्या देशाला माहितेय. मी विचारतेय की तुला सोळा वर्षं का लागली."

"मी तुला डॉक्टरकडे नेल्याचं तू सांगितलं नाहीस कधी. मी तिथे तुझ्याबद्दल काय म्हणाले ते."

"तुला सांगायचं? तू तिथेच होतीस की." आता टिल्डेचा आवाज बदलला होता. तो चढला नव्हता. तो थेट आणि सपाट झाला होता, आणि मेरेटेने तो ओळखला, कारण सकाळी तो तिच्या स्वतःच्या तोंडून निघाला होता. "मी अकरा वर्षांची होते. मी त्या माणसाकडे बघत होते, मला वाटलं हा तरी मला विचारेल. आणि तू बोललीस. त्यानंतर मी कुणाला काही सांगायचंच सोडून दिलं. शाळेत चक्कर येऊन पडले तेव्हा सांगितलं नाही. पाळी थांबली तेव्हा सांगितलं नाही. एकवीस वर्षांची होईपर्यंत मी कुणासमोर बसून जेवले नव्हते, तुला माहितेय का? माहीत नाही. कारण तू विचारलं नाहीस, तू फक्त मोजलंस. आणि आता तू सुई घेतेस, तुला बरं वाटतं, तुझा काही दोष नव्हता असं तुला कुणीतरी सांगितलं असेल, चांगली गोष्ट आहे. माझा होता का?"

"नाही."

"मग कुणाचा?"

मेरेटेच्या तोंडाशी वाक्य आलं. त्या काळी मला एवढंच माहीत होतं. ते तयारच होतं, दोन तासांपूर्वी ऐकलेलं, अजून गरम, आणि ते खोटंही नव्हतं. ते खरं आहे म्हणूनच ते किती उपयोगाचं आहे हे तिला दिसलं. ते म्हटलं असतं तर फोनच्या पलीकडे सगळं पुन्हा शांत झालं असतं, टिल्डे म्हणाली असती, असू दे आई, सुट्टी संपली, आणि नाताळला डबा घेऊन आली असती. मेरेटेने दात दातांवर दाबून धरले. समोर शेतावर एक ट्रॅक्टर वळत होता, त्याच्यामागे पांढरे पक्षी उतरत होते, उठत होते.

"माझा," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी टिल्डेला हाक मारली, पुरुषाचा आवाज, आणि टिल्डे त्याच्यावर खेकसली की दहा मिनिटं थांबा, तो कंटेनर कुठे पळून जात नाही. मग फोन परत कानाशी आला.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मध्ये बोलू नकोस. रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत घालत बसावं लागतं, आणि मी आज ती घालणार नाही."

"नाही रडत."

"बरं," टिल्डे म्हणाली, आणि तिने श्वास घेतला. "तर तो न्हाणीघरातला काटा. पहिल्यापासून सांगते."